एसी लावला की चढावर गाडीचा दम जातो: एका गाडीचं प्रकरण

"एसी लावला की गाडीत चार माणसं जास्त बसल्यासारखं वाटतं." गाडीमालक काकांनी तक्रार एवढ्या एका वाक्यात सांगितली. ते वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं. नंतर आकडेमोड केली तेव्हा लक्षात आलं की काकांनी माणसं कमीच सांगितली होती.

गाडी ९ वर्षांची, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, पाच गिअर हाताने टाकायचे. चाललेली १ लाख १२ हजार किलोमीटर. एसीचा कॉम्प्रेसर जुन्या पद्धतीचा, म्हणजे मॅग्नेटिक क्लचने जोडला जाणारा आणि जोडला की पूर्ण क्षमतेने चालणारा. कमी-जास्त होणं त्याला माहीत नाही. गॅस आर-१३४ए.

सपाट मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगाने एसी लावून गाडी ठीक चालते. पण गर्दीतून हळूहळू निघून चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्येही ओढत नाही. एसीचं बटण बंद केलं की दोन सेकंदांत सुटते. सिग्नलला उभी असताना एसी चालू-बंद होताना थरथरते, तीनदा बंदही पडली. हे सगळं वर्षभरात हळूहळू वाढत गेलं. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका ठिकाणी प्लग आणि एअर फिल्टर बदलले. दुसऱ्या ठिकाणी "गॅस कमी आहे" म्हणून दोन उन्हाळ्यांत दोनदा गॅस भरला आणि शेवटी "कॉम्प्रेसर जॅम होतोय, बदलावा लागेल" असं सांगितलं. तो खर्च करण्याआधी काका माझ्याकडे आले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. उन्हात गाडीसमोर उभं राहिलं की पायांना गरम हवा लागते. मी ती ऐकली आणि कागदावर लिहिलीसुद्धा नाही. एसी चालू आहे, पुढे कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी आहे, गरम लागणारच, असं मनाशी म्हटलं. संपूर्ण प्रकरणाची किल्ली त्या एका वाक्यात होती.

दोन खिसे

एसीने पिकअप कमी होतो या तक्रारीत बहुतेक लोक, आणि बरेच मेकॅनिकही, फक्त एसीकडे बघतात. पण ही वजाबाकी आहे. एका बाजूला इंजिनाकडे त्या क्षणी, त्या आरपीएमला किती ताकद आहे. दुसऱ्या बाजूला एसी त्यातून किती काढून घेतो. उत्तर कमी येतंय याचा अर्थ घेणारा जास्त घेतोय, किंवा देणाऱ्याकडेच कमी आहे, किंवा दोन्ही. हे दोन खिसे वेगवेगळे मोजल्याशिवाय सुटा भाग बदलणं म्हणजे अंधारात दगड.

इथे माहितीपत्रकातला आकडा फसवतो. या वर्गातल्या इंजिनाची ताकद साठेक किलोवॅट लिहिलेली असते. त्यातून एसीने दोन-तीन किलोवॅट घेतले तर काय बिघडतं, असं वाटतं. पण ते साठ किलोवॅट ६००० आरपीएमच्या आसपास मिळतात. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये २० च्या वेगाला हे इंजिन १५०० आरपीएमला फिरत असतं, आणि तिथे पेडल पूर्ण दाबलं तरी त्याच्याकडे पंधरा किलोवॅटच्या आसपासच असतात. कॉम्प्रेसर, त्याच्या जोडीला रेडिएटरचा फॅन, केबिनचा ब्लोअर आणि या दोघांसाठी वीज तयार करणारा अल्टरनेटर असं सगळं मिळून अडीच-तीन किलोवॅट सहज होतात. साठातून तीन गेले तर कळत नाही, पंधरातून तीन गेले तर पाचवा हिस्सा गेला.

आणि चढ त्याहून क्रूर. चढावर इंजिनाची जवळपास अर्धी ओढ गाडी मागे जाऊ नये यातच खर्च होते. वेग वाढवायला जे वापरायचं ते उरलेल्यातून. समजा इंजिनाची ओढ १०० आहे आणि चढ त्यातले ४६ खातो. उरले ५४. आता एसीने २० घेतले की उरतात ३४. म्हणजे इंजिनाचा पाचवा हिस्सा गेला, पण पायाखाली जाणवणारा पिकअप एक तृतीयांशाहून जास्त गेला. काकांना "जीव गेला" असं वाटत होतं ते या गणितामुळे. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला मात्र ही वजाबाकी लपून जाते, कारण तिथे पेडल अर्धंसुद्धा दाबलेलं नसतं.

त्यामुळे थोडी घट प्रत्येक छोट्या गाडीत असते. किती घट म्हणजे रोग, हे ठरवायला आकडा हवा. मी ठरलेला एक लांब चढ घेतला, गाडीत आम्ही दोघं, दुसरा गिअर, २० वरून ४० पर्यंत जायला लागणारा वेळ. थ्रॉटल प्रत्येक वेळी सारखा, पण पूर्ण नाही. यामागे कारण आहे. बऱ्याच गाड्यांत पेडल तळाला टेकवलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच काही सेकंद कॉम्प्रेसर सोडतो. तसं झालं तर आपण एसी चालू समजून एसी बंदची गाडी मोजतो. या चाचणीत फसलेले मी पाहिले आहेत, एकदा स्वतः फसलोही आहे.

एसी बंद असताना ६.१ सेकंद. एसी चालू असताना ११.६.

जवळपास दुप्पट. हे नेहमीचं नाही.

माझी चुकीची वाट

स्कॅनर लावला. एकही कोड नाही. ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत करतो ती दुरुस्ती टक्का-दोन टक्के इकडेतिकडे, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबर. पेट्रोलचा दाब भार पडल्यावरही हलत नव्हता. चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, ब्रेक कुठे धरून नव्हते.

त्या आधीच्या आठवड्यात एका गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) तुंबलेला निघाला होता, आणि आपल्या धंद्यात मागच्या आठवड्यातला रोग या आठवड्यातल्या रोग्यात दिसतो. एक्झॉस्टमध्ये अडथळा असला की इंजिन कमी भारावर ठीक चालतं आणि जास्त भारावर गुदमरतं, त्यामुळे एसी लावल्यावरच तक्रार येते. लक्षण जुळत होतं. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावलं. २५०० आरपीएमला ०.०८ बार. तुंबलेल्या कन्व्हर्टरमध्ये हा आकडा ०.२ च्या वर जातो. कन्व्हर्टर निर्दोष. दुपार गेली.

स्कॅनरच्या त्याच पानावर आणखी एक ओळ होती: इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, ७० अंश. बाहेर ३४ होतं. मी ती ओळ पाहिली आणि "नुकती चढावरून आली आहे, तापली असेल" म्हणून पुढे गेलो. काकांचं गरम हवेचं वाक्य सोडून दिलं होतं, त्यानंतरची ही दुसरी चूक.

संध्याकाळी मोजणी घेणाऱ्या खिशाकडे वळवली. एसी इंजिनावर किती ओझं टाकतो हे बघायला वेगळं यंत्र लागत नाही, इंटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला दाब पुरतो. आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, ते जितकं मोकळं तितका हा दाब खाली. एसी बंद असताना ३३ किलोपास्कल होते, निरोगी आकडा. एसी लावला आणि ५८ वर गेले. अशा इंजिनात एसीने मी ४३ ते ४६ बघितले आहेत. म्हणजे घेणारा जास्त घेत होता, यात शंका उरली नाही.

पण घेणारा कोण? एसीच्या बटणाने तीन गोष्टी सुरू होतात: कॉम्प्रेसर, फॅन, ब्लोअर. कॉम्प्रेसरच्या क्लचचं कनेक्टर काढलं आणि बाकी सगळं चालू ठेवलं. दाब ३६. म्हणजे वीजवाले दोघे मिळून तीनच किलोपास्कल खात होते, उरलेले बावीस एकट्या कॉम्प्रेसरचे. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, फुकट आहे, आणि कुणी ती करत नाही.

इथेच "कॉम्प्रेसर जॅम" हे निदान खरं वाटायला लागतं. इंजिन बंद करून क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवली. प्लेट कॉम्प्रेसरच्या शाफ्टवर असते, त्यामुळे ती फिरवली म्हणजे कॉम्प्रेसरच फिरवला. गुळगुळीत, सारख्या प्रतिकाराने फिरली, कुठे अडकली नाही. कॉम्प्रेसर जॅम होत नव्हता. त्याला कुणीतरी फार जड काम देत होतं.

कंडेन्सर म्हणजे थर्मामीटर

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, गेज लावलं. गॅरेजमध्ये ३० अंश. दोन्ही बाजूंना, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस येतो ती लो साईड आणि दाबून बाहेर पडतो ती हाय साईड, ६.७ बार. आर-१३४ए चा ३० अंशांना हाच दाब असतो, म्हणजे आत हवा शिरलेली नाही, शुद्ध गॅस आहे.

हा बंद गाडीचा दाब बघून "गॅस बरोबर आहे" असं सांगणारे भेटतात. तो दाब गॅसच्या प्रमाणाबद्दल काहीच सांगत नाही. आत द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. दोनशे ग्रॅम असो की सहाशे, ३० अंशांना ६.७ च. अर्धा भरलेला आणि काठोकाठ भरलेला सिलिंडर गेजला सारखाच दिसतो.

इंजिन चालू केलं, दुपारी ३४ अंशांना, १५०० आरपीएमवर धरलं. लो साईड ३.६ बार, हाय साईड २३ आणि चढतीच. निरोगी गाडीत या हवेला हाय साईड १४-१५ च्या आसपास राहते. २५ ला पोचून ती थांबली. हाय प्रेशरचा कट-ऑफ याच्याही बराच वर असतो, म्हणून कॉम्प्रेसर एकदाही सुटत नव्हता. सुटला असता तर निदान तक्रार वेगळी आली असती: "एसी मधेच थंड करत नाही."

हाय साईडचा दाब मी नेहमी तापमानात वाचतो. कंडेन्सरमध्ये गॅसचा द्रव होत असतो, म्हणून तिथला दाब म्हणजे तिथलं तापमान. १४.५ बार म्हणजे साधारण ५६ अंश: बाहेरच्या ३४ पेक्षा वीसेक अंश जास्त, जेणेकरून उष्णता बाहेर जावी. २३ बार म्हणजे ७५ अंश. आता प्रश्न असा वाचता येतो: ज्या कंडेन्सरवर ३४ अंशांची हवा येते त्याला उष्णता टाकायला ७५ पर्यंत का चढावं लागतंय? एक तर हवा पुरेशी येत नाही, किंवा येणारी हवा ३४ ची नाही.

जाळी बघितली. धूळ होती, पण तुंबलेली नाही. फॅन बघितला, फिरत होता. आदल्या दिवशीही मी "फॅन चालू" अशी खूण केली होती. मग आठवलं, पायांना गरम हवा.

वहीचा एक कागद फाडून पुढच्या जाळीसमोर धरला. फॅन मागे असतो आणि हवा पुढून ओढतो, म्हणून कागद कंडेन्सरला चिकटायला हवा. कागद माझ्याकडे उडाला.

फॅन उलटा फिरत होता.

काकांना फोन केला. "काका, पुढून कधी ठोकर बसली होती का?" थोडा वेळ शांतता, मग, "अरे हो, दीड वर्ष झालं. बंपर गेला होता आणि पंखा तुटला होता. सगळं नवीन बसवलं त्यांनी." नवीन मोटरचं कनेक्टर जुन्या वायरिंगला बसत नसावं. कापून, जोडून, टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर दोन वायरी अदलाबदल. या मोटरला उलटी वीज दिली की ती उलटी फिरते, तक्रार करत नाही, कुठला कोड येत नाही. फिरताना बघून कुणालाही समाधान वाटतं.

आता उलट्या फॅनने काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. पुढे कंडेन्सर, त्याच्यामागे रेडिएटर, त्याच्यामागे फॅन. हवा पुढून आली तर कंडेन्सरला बाहेरची ताजी हवा मिळते. हवा मागून आली तर ती आधी इंजिनाजवळची तापलेली हवा, मग ती रेडिएटरमधून जाते, जिथे नव्वदहून अधिक अंशांचं पाणी आहे, आणि मग कंडेन्सरवर येते. कंडेन्सरला थंड करायला पाठवलेली हवाच साठच्या वर. म्हणून त्याला ७५ गाठावे लागत होते. दाब वाढला की ईसीयू फॅनचा वेग वाढवतो, आणि तो वेग वाढला की गरम हवा आणखी जोरात. ८० च्या वेगाला समोरचा वारा फॅनला हरवतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर सगळं ठीक. २०-३० च्या वेगाला वारा आणि फॅन एकमेकांना तोलतात आणि जाळीतून जवळपास काहीच जात नाही. काकांची तक्रार नेमकी याच वेगाची होती.

इंजिन उकळलं कसं नाही? स्कॅनरवर पाणी १०३-१०४ अंशांपर्यंत जात होतं. पण डॅशबोर्डवरचा काटा मधोमध. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम मधल्या पट्ट्यात गोठवलेला असतो, थोडं वरखाली झालं तर मालक घाबरू नये म्हणून. कधीतरी याची किंमत मोजावी लागते.

दोन भाग शिल्लक

मोह होता की वायरी सरळ कराव्यात, गॅस बदलावा आणि गाडी द्यावी. पण सगळं एकदम केलं की कशाने किती फरक पडला हे कधीच कळत नाही. आधी फक्त फॅन सरळ केला. वायरी सोल्डर करून, नीट झाकून. हाय साईड २५ वरून १८.५ वर आली. मॅनिफोल्डचा दाब ५८ वरून ५०. चांगलं, पण पूर्ण नाही.

म्हणून गॅस रिकव्हरी मशीनने काढून वजन केलं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलेलं, निघाला ६४० ग्रॅम. याचा उलगडा सोपा आहे. फॅन उलटा झाल्यापासून गर्दीत एसी नीट थंड करत नव्हता. थंड करत नाही म्हणजे गॅस कमी, या समजुतीने दोनदा वरून भरला गेला. जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या तळाच्या नळ्यांमध्ये साचतो, आणि ज्या नळीत आधीच द्रव भरलाय तिथे वाफेचा द्रव व्हायला जागा नाही. म्हणजे कंडेन्सर मोठा दिसतो पण काम लहान कंडेन्सरचं करतो. दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर आणखी ओढतो, इंजिन आणखी दबतं. गॅस भरून रोग बरा करायला गेलेल्यांनी रोगाला खाऊ घातलं.

व्हॅक्यूम देऊन, गळती नाही हे बघून, मोजून ४५० ग्रॅम भरले. हाय साईड १४.५, लो साईड २.२, मॅनिफोल्ड ४४. घेणाऱ्याचा खिसा आता नेहमीसारखा.

देणाऱ्याचा खिसा अजून बघायचा होता. ते ७० अंश विसरलो नव्हतो, या वेळी नाही. एअर फिल्टरच्या डब्यातून एक प्लास्टिकची नळी पुढे जाते आणि रेडिएटरच्या वरून, जाळीच्या मागून बाहेरची हवा घेते. या गाडीत ती नळी नव्हतीच. डब्याचं तोंड सरळ रेडिएटरच्या मागे उघडं. त्याच अपघातात तुटली असणार, आणि बसवणाऱ्याला ती सजावट वाटली असणार. बरेच जण तसंच समजतात. काही जण तर "इंजिनाला मोकळा श्वास मिळतो" म्हणून मुद्दाम काढतात. श्वास मोकळा मिळतो खरा, पण तो भट्टीतला.

७० अंशांची हवा नळी असताना मिळणाऱ्या ४६ अंशांच्या हवेपेक्षा सातेक टक्के विरळ असते. तितकंच पेट्रोल कमी जळतं, तितकी ओढ कमी. शिवाय इतकी गरम हवा आत घेतली की नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटण्याचा) धोका वाढतो, म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो. स्कॅनरवर त्याच चढावर, त्याच आरपीएमला ठिणगी ९ अंश आगाऊ होती, नळी बसवल्यावर १४ झाली. आणि एसी लावला की रेडिएटरच्या मागची हवा आणखी तापते. म्हणजे एसी एका हाताने पट्ट्यावरून ताकद काढत होता आणि दुसऱ्या हाताने इंजिनाच्या नाकाशी गरम हवा धरत होता. मी सुरुवातीला दोन खिसे वेगळे म्हटलं, पण या गाडीत ते आतून जोडलेले निघाले.

नळी जुन्या भंगार गाडीतून मिळाली. बसवायला दहा मिनिटं.

आयडलला बंद पडण्याचं कारण अर्धं वरच्याच गोष्टींत होतं. उरलेलं थ्रॉटल बॉडीत. बटरफ्लायच्या, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या कडेला कार्बनची काळी कड जमली होती. एसी जोडला जाण्याच्या क्षणी ईसीयू बटरफ्लाय जरा उघडतो, पण कार्बनमुळे तेवढ्याने पुरेशी हवा जात नाही आणि आरपीएम ८२० वरून ५६० ला आपटत होता. साफ केलं, स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवलं. आता ७६० पर्यंत खाली जातो आणि लगेच सावरतो. शिकवण्याची पायरी गाळली असती तर ईसीयूने जुन्या घाणीच्या हिशोबाने बटरफ्लाय उघडला असता आणि आयडल उगाच वर राहिला असता. एवढंच.

पुन्हा तोच चढ

तोच चढ, तेवढीच माणसं, हवा ३३ अंश. एसी बंद, ५.३ सेकंद. एसी चालू, ७.१.

पहिला आकडा मला जास्त बोलका वाटतो. एसी बंद असतानाही गाडी ६.१ वरून ५.३ वर आली, म्हणजे दीड वर्ष काका थोड्या आजारी इंजिनावर चालवत होते आणि त्यांना ते कळलं नव्हतं. एसीने ते उघड केलं. एसी नसता तर ही गाडी "जुनी झाली आता" या खात्यात गेली असती.

मग मी ते माणसांचं गणित केलं. चढावर पिकअप ६.१ वरून ११.६ वर जायला एसीऐवजी गाडीत वजन किती टाकावं लागलं असतं? साधारण सव्वाचारशे किलो. सत्तर किलोचा माणूस धरला तर सहा माणसं. काका चारच म्हणाले होते. दुरुस्तीनंतरच्या फरकाचं गणित दोनशे दहा किलोच्या आसपास येतं, म्हणजे तीन माणसं. ती उतरणार नाहीत. छोट्या इंजिनाच्या गाडीत, पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या कॉम्प्रेसरसोबत, एवढी घट धरूनच चालायचं. चढाआधी एक गिअर खाली घ्या, आरपीएम २५०० च्या वर ठेवा, तिथे इंजिनाकडे द्यायला जास्त असतं, एवढं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू तीन उतरवलीस." हो, तेवढीच.

दीड महिन्याने पुन्हा गेज लावून बघितलं. हाय साईड १४.८, हवा ३५ ची. दोन्ही बाजूंचे दाब जागेवर, गळती नाही. आयडल सरळ. फक्त क्लच जोडला जाताना कॉम्प्रेसरमधून एक बारीक टकटक यायला लागली आहे, थंड गाडीत, पहिली पाचेक सेकंद. वर्षभर २५ बारवर राबलेल्या कॉम्प्रेसरचा तो हिशोब असावा. सध्या त्याला हात लावलेला नाही. आवाज गरम गाडीतही यायला लागला तर उघडायचा, असं ठरवून काकांच्या कार्डावर तारीख टाकून ठेवली आहे.